जिवाणूंचे विभाजन रोखणारे रेणू शोधताना : नव्या संशोधकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना किंवा पीएच.डी.ला नुकतीच नोंदणी झालेली असताना ज्यांच्या वाट्याला ‘एफटीएसझेड’ हे जिवाणूंच्या विभाजनाचे प्रथिन येते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी जळगावात राहून या विषयावर काम केले. पहिली दोन वर्षे कशात गेली याचा हिशेब मांडला तर त्यातला मोठा भाग एकाच गैरसमजात गेला, असे आता स्पष्ट दिसते. एखाद्या अर्काने जिवाणू मरणे, जिवाणू लांबट होणे आणि त्या अर्काचे लक्ष्य विभाजनाचे प्रथिन असणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून तिसरीवर उडी मारणारे प्रबंध आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि माझाही पहिला मसुदा त्यांच्यापैकीच एक होता. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत, ज्या क्रमाने त्या मला आधी कोणी सांगायला हव्या होत्या.

१. आधी लक्ष्य नीट समजून घ्या

जिवाणू दुभंगतो तेव्हा पेशीच्या मध्यावर, आतील पटलाला लागून, एफटीएसझेड या प्रथिनाची एक कडी तयार होते. ही कडी १९९१ मध्ये बी आणि लुटकेनहाउस यांनी ई. कोलाय या आतड्यातील दंडाकृती जिवाणूमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. या प्रथिनाचे रेणू जीटीपी हा पेशीतील ऊर्जा देणारा लहान रेणू वापरून एकमेकांना जोडले जातात आणि जीटीपीचे विघटन झाले की सुटतात. २०१७ मध्ये हेही दिसून आले की कडीतील तंतू एका टोकाने वाढत आणि दुसऱ्या टोकाने झिजत पेशीभोवती फिरत राहतात आणि त्या फिरण्याबरोबर नवी पेशीभित्तिका विणली जाते. ई. कोलायमध्ये एफटीएसए आणि झिपए ही प्रथिने कडीला पटलाशी बांधून ठेवतात. त्यानंतर एफटीएसक्यू, एल, बी, डब्ल्यू, आय आणि एन अशी प्रथिने जमत जातात. कडी भलत्या जागी बनू नये याची काळजी मिन प्रथिने घेतात.

या प्रथिनाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. ‘एफटीएस’ म्हणजे तापमान वाढले की तंतूसारखे लांब होणारे उत्परिवर्ती वाण. एफटीएसझेड८४ हा वाण ३० अंशांना सुरळीत विभागतो आणि ४२ अंशांना विभाजन थांबवून नुसता लांबत जातो. हे तापमान मे महिन्यात आपल्या भागातील पंख्याखालच्या खोलीतही गाठले जाते, ही गोष्ट पुढे पाचव्या पायरीत उपयोगी पडणार आहे.

हे लक्ष्य आकर्षक का, याचे उत्तर तुम्हाला तोंडी परीक्षेत द्यावे लागेल. बहुतेक सर्व रोगकारक जिवाणूंमध्ये हे प्रथिन असते आणि त्याच्यावाचून त्यांचे विभाजन होत नाही. क्लॅमिडियासारखे अपवाद आहेत, ते लक्षात ठेवा. आपल्या पेशींमध्ये त्याचा नातेवाईक म्हणजे ट्युब्युलिन. दोघांची त्रिमितीय घडण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती विलक्षण सारखी निघाली. अमिनो आम्लांचा क्रम मात्र फार थोडा जुळतो, आणि त्या फरकावरच सगळी आशा आहे. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गांमुळे थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे, त्यामुळे नव्या लक्ष्याची गरज का, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. पण याच उत्तरात हेही प्रामाणिकपणे सांगा की एफटीएसझेडवर काम करणारे एकही औषध अजून बाजारात आलेले नाही.

२. प्रश्न लहान करा

‘सातपुड्यातील औषधी वनस्पतींपासून नवे प्रतिजैविक’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे, ती आयुष्यभराची योजना झाली. ‘अमुक शुद्ध रेणू बॅसिलस सबटिलिसच्या एफटीएसझेडची जीटीपी फोडण्याची क्रिया बदलतो का, आणि पेशीत त्याचा परिणाम त्याच मार्गाने होतो का’ एवढा प्रश्न दोन वर्षांना पुरतो.

जिवाणूही विचारपूर्वक निवडा. ई. कोलायच्या बाहेरच्या पटलामुळे आणि आत आलेले रेणू बाहेर फेकणाऱ्या पंपांमुळे चांगले रेणूसुद्धा त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. पीसी१९०७२३ हा या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला रेणू २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर मिलिलिटरला सुमारे १ मायक्रोग्रॅम इतक्या कमी मात्रेत चालतो, पण ई. कोलायवर त्याचा उपयोग नाही. नवशिक्याने बॅसिलस सबटिलिसपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. तो सहसा रोगकारक नाही, त्याला बाहेरचे पटल नाही, आणि तो दंडाकृती असल्यामुळे विभाजन थांबले की लांबी वाढलेली लगेच दिसते. स्टॅफिलोकॉकस गोल असतो. त्याचे विभाजन थांबले तर तो लांबत नाही, फुगतो, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते फुगणे मोजणे कठीण जाते.

३. कागदपत्रे आणि साहित्य

हे सर्व प्रयोग सुरू होण्यापूर्वी तीन महिने हाती घ्या. मी एक महिना आधी घेतले आणि पहिले सत्र वाट पाहण्यातच गेले.

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी लागतात :
– संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी, कारण प्रथिन बनवण्यासाठी जनुक दुसऱ्या वाणात घालावे लागते आणि ते काम १९८९ च्या नियमांखाली येते;
– जिवाणूंचे वाण मागवण्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र. चंदीगडची एमटीसीसी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या दोन्ही संग्रहांतून वाण मिळतात;
– मानवी रक्तपेशी वापरणार असाल तर नीतिसमितीची परवानगी;
– जंगलातून वनस्पती आणणार असाल तर वनविभागाची परवानगी आणि वनस्पतीतज्ज्ञाकडून ओळख पटवलेला, क्रमांक दिलेला वाळवलेला नमुना.

साहित्यात ९६ विहिरींच्या प्लेट्स, त्या वाचणारे यंत्र, १०० पट तेल-भिंग असलेला सूक्ष्मदर्शक, स्टेज मायक्रोमीटर, म्युलर-हिंटन ब्रॉथ, रेणू विरघळवण्यासाठी डीएमएसओ, जीटीपी, मॅलकाइट ग्रीन, अमोनियम मोलिब्डेट, तुलनेसाठी सेफॅलेक्सिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि व्हॅन्कोमायसिन ही प्रतिजैविके एवढे हाताशी हवे. उणे ८० अंशांचा फ्रीझर तुमच्या महाविद्यालयात नसेल तर तो विद्यापीठात किंवा शिरपूर-धुळ्याकडील एखाद्या संस्थेत कोणाकडे आहे याची चौकशी आधीच करून ठेवा. विकरे आणि जीटीपी बर्फात येतात. एप्रिल ते जूनमध्ये ती मागवायची झाल्यास सोमवारी पाठवायला सांगा. शुक्रवारी निघालेले पार्सल रविवारभर कुरियरच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहते, आणि सोमवारी तुमच्या हाती कोमट पाण्याची पिशवी येते.

४. रेणू कोठून घ्यायचा

कच्चा अर्क वापरू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्यांतील टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटतात आणि तुमच्या नळीत ‘रोधन’ दिसू लागते. शुद्ध स्वरूपात विकत मिळणारा रेणू घ्या.

वनस्पतीजन्य रेणूंवर भारतात चांगले काम झालेले आहे. आयआयटी मुंबईतील दुलाल पांडा यांच्या गटाने सँग्विनारिन, टोटॅरॉल आणि हळदीतील कर्क्युमिन यांचे एफटीएसझेडवरील परिणाम अभ्यासले आहेत. दारूहळदीतील बर्बेरिनवर आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइडवरही इतरत्र शोधनिबंध निघाले. यांपैकी सँग्विनारिन आपल्याला अगदी जवळचे आहे. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला उन्हाळ्यात पिवळी फुले घेऊन उभा असलेला काटेरी पिवळा धोत्रा हा त्याचा स्रोत. पण याच वनस्पतीच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची मोठी साथ आली आणि माणसे दगावली, हेही त्याच पानावर लिहून ठेवा. ‘नैसर्गिक असल्यामुळे सुरक्षित’ हे वाक्य प्रबंधात दिसले तर परीक्षक तेथेच थांबतील, आणि त्यांनी थांबायलाच हवे.

कर्क्युमिनबाबतही सावध राहा. तो पिवळा आहे, प्रकाश शोषतो, स्वतः चमकतो, पाण्यात टिकत नाही आणि अनेक प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे रंगावर किंवा चमकण्यावर आधारलेल्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत तो काही ना काही ‘परिणाम’ दाखवतो.

५. एमआयसी काढा, पण खोलीच्या तापमानाकडे लक्ष ठेवून

वाढ थांबवणारी किमान मात्रा, म्हणजेच एमआयसी, काढण्याची ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन ही पद्धत सर्वत्र सारखी आहे : मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू, ३५ अंश, १६ ते २० तास. डीएमएसओ एक टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि रेणू नसलेली, फक्त डीएमएसओ असलेली विहीर नेहमी ठेवा. दर वेळी स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा एटीसीसी २९२१३ हा वाण व्हॅन्कोमायसिनसोबत लावा. त्याची एमआयसी ०.५ ते २ मायक्रोग्रॅमच्या बाहेर गेली तर त्या दिवसाची संपूर्ण प्लेट बाद समजा.

आता खान्देशातील अडचण. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करू शकत नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांजवळ जातो आणि दुपारी प्रयोगशाळेतील हवाच ४० अंशांची असते, तेव्हा ३५ वर लावलेला इन्क्युबेटर आत ४१ दाखवतो आणि त्याला दुसरा पर्यायच नसतो. मी एकदा अशा आठवड्यातील निकाल मार्चच्या निकालांशेजारी ठेवून रेणूची ‘ताकद वाढली’ असा निष्कर्ष काढला होता. आत वेगळा थर्मामीटर ठेवा, दिवसातून तीनदा आकडा वहीत लिहा, आणि शीतकरणाची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर मिळत असेल तर उन्हाळ्यात तोच वापरा.

कोरड्या हवेमुळे कडेच्या विहिरींतील द्रव आटतो आणि तेथील मात्रा आपोआप वाढते. कडेच्या विहिरींत नुसते निर्जंतुक पाणी भरा आणि प्लेट ओल्या टिश्यूसह झाकणाच्या डब्यात ठेवा.

६. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते, आणि त्यावरून काय सिद्ध होत नाही

ही पायरी सर्वांत फसवी आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

वाढीच्या मधल्या टप्प्यातील जिवाणूंना एमआयसीच्या निम्मी मात्रा द्या आणि दोन-तीन पिढ्यांनंतर पाहा. स्टेज मायक्रोमीटरने मापन पक्के केल्यावर फिजी या मोफत संगणक-प्रणालीवर किमान २०० पेशींची लांबी मोजा. निवडून घेतलेली छायाचित्रे मोजू नका. स्लाईडवर आधी ठरवलेल्या जागा मोजा. मी पहिल्यांदा शेवयांसारखे लांबलचक तंतू पाहिले, त्या दिवशी संध्याकाळी घरी फोन करून ‘जमले’ असे सांगितले होते.

जमलेले काही नव्हते. जिवाणू अनेक कारणांनी लांबतात. सेफॅलेक्सिन एफटीएसआय हे भित्तिका विणणारे प्रथिन रोखते, त्याने ई. कोलाय लांबतो. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएला इजा करते, मग पेशीची एसओएस यंत्रणा जागी होते, सुलए हे प्रथिन तयार होते आणि तेच एफटीएसझेडला अडवते, तेव्हाही ई. कोलाय लांबतो. बॅसिलसमध्ये हेच काम वायएनईए हे प्रथिन निराळ्या मार्गाने करते. पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेत जिवाणू लांबलेले १९४० मध्येच गार्डनर यांनी नोंदवले होते, म्हणजे एफटीएसझेडचे नावही कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा.

म्हणून तुमच्या रेणूशेजारी नेहमी सेफॅलेक्सिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या स्लाईड्स ठेवा. डीएनए रंगवणारे डॅपी आणि पटल रंगवणारे एफएम४-६४ मिळाले तर फरक बराच कळतो. विभाजनाची कडीच बनली नसेल तर लांब पेशीत डीएनएचे पुंजके ठरावीक अंतरावर, माळेतील मण्यांसारखे दिसतात आणि मधे पडदा नसतो. डीएनएला इजा झालेली असेल तर पुंजके विस्कटलेले किंवा मधोमध गोळा झालेले असतात. ई. कोलायवर काम करत असाल तर जपानी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कीओ संग्रहातील सुलए नसलेला वाण मागवा. त्याच्यातही तंतू दिसले तर सुलएचा आडमार्ग बाद झाला असे म्हणता येते.

७. शुद्ध प्रथिनावर चाचणी

एफटीएसझेडचे जनुक असलेला प्लास्मिड (डीएनएचे लहान वर्तुळ) ई. कोलायच्या बीएल२१ या वाणात घालून प्रथिन भरपूर बनवता येते. हिस्टिडिनची शेपटी लावली तर शुद्धीकरण सोपे होते, पण शेपटीमुळे तंतू बनण्याच्या वागण्यात फरक पडू शकतो, हे लिहून ठेवा. शुद्ध प्रथिनाचे ५० मायक्रोलिटरचे लहान भाग करून गोठवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. लोडशेडिंगच्या दिवसांत फ्रीझर विनाकारण उघडू नका, आणि दारावर तसे लिहूनही ठेवा.

प्रथिनाचे प्रमाण मोजताना एक चूक हमखास होते. ई. कोलायच्या एफटीएसझेडमध्ये ट्रिप्टोफॅन नाही. त्यामुळे २८० नॅनोमीटरवर त्याचे शोषण फार कमी येते आणि त्या आकड्यावरचा हिशेब बेभरवशाचा असतो. बीसीएसारखी रंगचाचणी वापरा, आणि बीएसए या प्रमाण प्रथिनाच्या तुलनेत एफटीएसझेड कमी रंग देते, हे ध्यानात घेऊन दुरुस्ती करा.

जीटीपी फोडण्याची क्रिया मॅलकाइट ग्रीनने मोजतात. सुटलेला फॉस्फेट मोलिब्डेटशी जोडला जातो आणि पिवळसर द्रव हिरवा होतो. पाच मायक्रोमोलर प्रथिन, पीएच ६.५ चे ‘पाइप्स’ हे बफर द्रावण, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर जीटीपी यांपासून सुरुवात करा. पोटॅशियमऐवजी सोडियम चालत नाही.

मी हे सगळे तंतोतंत केले आणि तरीही प्रथिन नसलेल्या, नुसत्या पाण्याच्या नळ्या गर्द हिरव्या होत राहिल्या. तीन आठवडे रसायने बदलली. शेवटी परिचर मामांना सहज विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुमची भांडी मी वेगळी काढून जास्तीची पावडर टाकून धुतो.” बिचाऱ्यांनी माझी सोय पाहिली होती. धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट काचेला चिकटून राहतो आणि ही चाचणी तो नेमका पकडते. तेव्हापासून त्या चाचणीसाठी मी नवी प्लॅस्टिकची नळी आणि शुद्ध पाणीच वापरले; काच वापरावीच लागली तर ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने खळबळून घेतली. पीबीएस हे तर फॉस्फेटचेच द्रावण, ते या कामाच्या टेबलावर ठेवूच नका.

रंग टाकल्यावर आम्लामुळे उरलेले जीटीपीही हळूहळू फुटते, म्हणून प्रत्येक नळी रंग टाकल्यापासून सारख्याच मिनिटांनी वाचा.

दुसरा सापळा गुठळ्यांचा. पाण्यात न विरघळणारे रेणू सूक्ष्म गोळे बनवतात आणि प्रथिन त्यांच्यावर चिकटून निष्क्रिय होते. प्रसिद्ध झालेल्या ‘रोधकां’पैकी काहींबाबत नंतर हेच निघाले. तीच चाचणी गुठळ्या मोडणारे ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून पुन्हा करा. रोधन नाहीसे झाले तर रेणूचे कौतुक थांबवा. तंतू बनणे पाहण्यासाठी ९० अंशांच्या कोनातील प्रकाश-विखुरण आणि वेगाने फिरवून खाली बसणारे प्रथिन मोजणे, या दोन्ही पद्धती करा. एक लक्षात असू द्या : पीसी१९०७२३ तंतू बनणे रोखत नाही, उलट बनलेले तंतू घट्ट करून ठेवतो. म्हणून ‘तंतू वाढले’ हा निकालही कचऱ्यात टाकण्याजोगा नाही.

८. संगणकावरील डॉकिंग

डॉकिंग म्हणजे रेणू प्रथिनात कोठे आणि कसा बसेल याचा संगणकावरील अंदाज. हे शेवटी करा, किंवा फार तर रेणू निवडताना. प्रथिनांच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहातील ४डीएक्सडी या क्रमांकाच्या रचनेत स्टॅफिलोकॉकसच्या एफटीएसझेडमध्ये पीसी१९०७२३ बसलेला दिसतो. तो काढून पुन्हा बसवून पाहा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला नाही तर तुमची मांडणी चुकली आहे. डॉकिंगमधून येणारा, रेणू किती घट्ट बसेल याचा उणे नऊ किंवा उणे दहा हा आकडा पुरावा म्हणून लिहू नका.

९. आपल्या पेशींवर काय होते ते पाहा

मेंढीच्या रक्तपेशी फुटतात का हे पाहणे स्वस्त आहे आणि आठवड्यात होते. ट्युब्युलिनवरची चाचणी महाग आहे. मुंबई-पुण्यातील एखाद्या प्रयोगशाळेशी सहकार्य करून ती करता येते. सँग्विनारिनसारखा रेणू घेतला असेल तर ती टाळू नका.

१०. लक्ष्य खरोखर तेच आहे का

सर्वांत भक्कम पुरावा जनुकाकडून येतो. रेणूला दाद न देणारे बॅसिलस सबटिलिसचे उत्परिवर्ती मिळाले, त्यांच्या एफटीएसझेड जनुकात बदल सापडला आणि तो बदल मूळ वाणात घातल्यावरही तीच दाद न देण्याची वृत्ती आली, तर मग लक्ष्याबद्दल बोलता येते. पीसी१९०७२३ बाबत हेच केले गेले. हे काम फक्त रोगकारक नसलेल्या वाणावर, जैवसुरक्षा समितीला कळवून करा. रोगकारक स्टॅफिलोकॉकसचे असे उत्परिवर्ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तयार करू नयेत.

असा उत्परिवर्ती सापडलाच नाही तर प्रबंधात ‘एफटीएसझेडशी आंतरक्रिया करतो’ एवढेच लिहा, ‘एफटीएसझेडला लक्ष्य करतो’ असे लिहू नका. माझ्या रेणूबाबत मी शेवटी पहिलेच वाक्य लिहिले, आणि मौखिक परीक्षेत त्या एका शब्दावर वीस मिनिटे प्रश्न आले. जनुकाचा क्रम वाचून आला की प्लेट्स १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करा, पण त्यापूर्वी प्रत्येक वाणाच्या दोन ग्लिसरॉल कुप्या दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा, आणि त्यांतील एक तरी अशा इमारतीत असू द्या जिथे जनरेटर आहे.